चाळीस ट्रॉफ्या की एकही नको?

ताई, आमचा स्वयंसेवकांचा एक ग्रुप आहे, दीडशेच्या आसपास माणसं. रक्तदान शिबिरं, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांकडे जाऊन येणं, संध्याकाळी मुलांना अभ्यासाला घेऊन बसणं अशी कामं करतो. दरवर्षी कार्यक्रम घेऊन पाच पुरस्कार देतो, तीन सेवेसाठी, दोन युवा नेतृत्वासाठी. गेल्या वर्षी युवा नेतृत्वाचा एक पुरस्कार कमिटीतल्याच एका सदस्यांच्या मुलीला गेला. ती काम करते हे खरंय, पण ग्रुपवर कुजबुज व्हायची ती झालीच आणि चार पोरं यायचीच बंद झाली. शिवाय आमच्याकडे एक मावशी आहेत, बारा वर्षं दर आठवड्याला त्या म्हाताऱ्या लोकांची औषधं पोचवतात, त्यांचं नाव आजवर एकदाही यादीत आलं नाही. हे माझ्या लक्षात आलं कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या गोळा करताना, कारण खुर्च्या त्याच गोळा करत होत्या. यावर्षी अध्यक्ष म्हणतात चाळीस जणांना देऊन टाकू, कुणी नाराज नको. तरुण मुलं म्हणतात हे सत्कार प्रकरण बंदच करा. आणि एक सतरा वर्षांचा मुलगा आहे, त्याला द्यावा असं सगळ्यांनाच वाटतं पण तो म्हणतो मला स्टेजवर बोलावलंत तर मी त्या दिवशी येणारच नाही, आणि त्याची आई एक दिवसाआड फोन करते की सर्टिफिकेट ॲडमिशनला उपयोगी पडेल. पुढच्या महिन्यात यादी फायनल करायचीय. काय करू?
— एक वैतागलेला सेक्रेटरी

सेक्रेटरीसाहेब,

ते खुर्च्यांचं वाक्य मी तीनदा वाचलं. तुमचा अर्धा प्रश्न तिथेच सुटलाय, पण तिकडे नंतर येते.

आधी सरळ उत्तर देऊन टाकते म्हणजे घाईत असाल तर एवढं वाचून कामाला लागा. बंद करू नका, चाळीसही देऊ नका. पाच द्या, किंवा यावर्षी मनापासून तीनच नावं पटली तर तीन द्या, आकडा भरायचा म्हणून कुणाला उभं करू नका. पण डोकं आकड्यावर घालवूच नका, ते माणूस शोधण्यात आणि त्याच्याबद्दल स्टेजवरून जी चार वाक्यं बोलली जाणार त्यात घालवा. बहुतेक ठिकाणी नेमकं उलटं होतं, महिनाभर ट्रॉफीचं डिझाईन, बॅनर, पाहुणे कोण यावर मीटिंगा होतात आणि माणसांची नावं शेवटच्या मीटिंगच्या शेवटच्या दहा मिनिटांत, कुणाला निघायची घाई असताना, "अरे ते आपले अमुक आहेत ना, त्यांना देऊन टाकू" अशी ठरतात. दहा मिनिटांत आठवणारी नावं कुठली असणार, जी सारखी डोळ्यासमोर असतात तीच. तुमच्या कमिटीला त्या मुलीचं नाव सुचलं ते वशिल्यामुळेच असं मी म्हणणार नाही, ती रोज दिसते, तिचे वडील शेजारच्या खुर्चीवर बसलेले, मग आणि कोण आठवणार?

अध्यक्षांचं बघू. चाळीस जणांना द्यायचे म्हणजे खिरापत वाटणं आहे हे त्यांनाही माहीत असणार, पण ते नाराजीला घाबरलेत आणि गेल्या वर्षी जे झालं त्यानंतर कुणीही घाबरेल. फक्त त्यांचं गृहीतक असंय की ज्याला मिळालं नाही तो खचतो. तसं दर वेळी होत नाही. २०१६ साली छापून आलेला एक प्रयोग आहे, तीनशेहून जास्त लोकांना तीन तासांच्या डेटा एंट्रीच्या कामाला घेतलं, आठ-आठ जणांचे गट केले, आणि मधेच काही गटांत सगळ्यांना आभाराचं कार्ड दिलं, काही गटांत फक्त सगळ्यात चांगलं काम केलेल्या तिघांना किंवा एकालाच. जिथे मोजक्यांना दिलं तिथे पुढचं काम जास्त सुधारलं, आणि गंमत म्हणजे ती सुधारणा मुख्यतः ज्यांना कार्ड मिळालं नव्हतं त्यांनी केली. ते रुसून बसले नाहीत, त्यांनी हात जास्त चालवले.

आता तुम्ही म्हणाल मग आमची चार पोरं का गेली. कारण तिथे कार्ड कुणाला आणि कशासाठी मिळालं यात शंकेला जागा नव्हती, एंट्र्या मोजलेल्या होत्या. तुमच्याकडे तसं मोजमाप नाही, असूही शकत नाही, एकट्या म्हाताऱ्या माणसाशी तासभर गप्पा मारल्या त्याचे किती मार्क? जिथे मोजता येत नाही तिथे सगळा कारभार विश्वासावर चालतो, आणि तुमचा तो विश्वास गेल्या वर्षी फाटला. चाळीस ट्रॉफ्यांनी तो शिवला जाणार नाही. उलट ज्यांना खरंच काहीतरी मिळायला हवं होतं त्यांना कळेल की आपण आणि दोनदा येऊन फोटो काढून गेलेला माणूस यात तुमच्या लेखी काही फरक नाही.

आणि तरुण मुलं बंद करा म्हणतायत ना, त्यांना उडवून लावू नका, त्यांच्या बाजूनेही बऱ्यापैकी पुरावा आहे. १९७३ चा एक जुना प्रयोग आहे, तीन ते पाच वर्षांची मुलं, ज्यांना रंगीत पेनांनी चित्रं काढायला मुळातच आवडायचं अशी. काहींना आधी सांगितलं की चित्र काढलंस तर सोनेरी तारा आणि रिबीन लावलेलं सर्टिफिकेट मिळेल. मिळालं. पण नंतर आपापलं खेळायच्या वेळेत त्याच मुलांनी पेनांना हात लावणं जवळजवळ निम्म्यावर आणलं. ज्यांना न सांगता अचानक सर्टिफिकेट दिलं त्यांच्यात असं काही झालं नाही. म्हणजे आवडीच्या कामाला आधीच मोबदल्याचं आमिष लावलं की ते काम मोबदल्यासाठीचं होऊन बसतं. त्यामुळे "वर्षात अमुक तास भरा आणि युवा नेतृत्व पुरस्काराला पात्र व्हा" असली पोस्ट ग्रुपवर टाकायचा विचार कुणाच्या मनात असेल तर तिथेच थांबवा.

मग अचानक दिलं की प्रश्न मिटला का? तेही नाही. काही वर्षांपूर्वी अमेरिकेत पंधरा हजारांवर शाळकरी मुलांवर, सहावी ते बारावीच्या, हजेरीच्या पुरस्काराचा प्रयोग झाला. काही मुलांना आधी सांगितलं की पुढच्या महिन्यात पूर्ण हजेरी लावलीत तर पुरस्कार मिळेल, त्याचा काही उपयोग झाला नाही. काहींना मागच्या काळातल्या हजेरीबद्दल अचानक पुरस्कार दिला तर पुढे त्यांची हजेरी चक्क कमी झाली! संशोधकांनी खोदून पाहिलं तेव्हा लक्षात आलं की मुलांनी त्या पुरस्काराचा अर्थ असा लावला की आपण इतरांपेक्षा जास्त शाळेत आलो, अपेक्षेपेक्षा जास्तच आलो, म्हणजे आता एखाद दिवस दांडी मारली तर बिघडत नाही. बक्षीस द्यायला गेले शाबासकीचं आणि पोरांनी ऐकलं "एवढं कशाला करतोस".

मला सगळ्यात जास्त हे पटतं की माणूस ट्रॉफी घरी नेतोच पण तिच्यासोबत आपण जे म्हणालो किंवा म्हणालो नाही तेही नेतो. तुम्ही नुसतं "उत्कृष्ट स्वयंसेवक" म्हणून हातात दिलंत तर त्याचा अर्थ ज्याचा तो लावणार, घेणारा एक लावेल, खाली बसलेला दुसरा, आणि व्हॉट्सॲप ग्रुप तिसराच. म्हणून ती चार वाक्यं महत्त्वाची. "समाजासाठी अहोरात्र झटणारे, मनमिळाऊ, निस्वार्थी व्यक्तिमत्त्व" हे वाक्य तर कायद्याने बंद व्हायला पाहिजे, नाव बदलून कुणालाही लावा, बसतं. त्याऐवजी असं म्हणा की बारा वर्षं दर आठवड्याला औषधं गेली, कुठल्या पावसात गेली, कधी स्वतः आजारी असताना दुसऱ्याला पाठवून गेली, एकदा गोळ्यांची पाकिटं अदलाबदल झालेली यांच्या लक्षात आली म्हणून पुढचं टळलं, असं काही घडलं असेल तर ते. नसेल घडलं तर रचू नका, नुसती बारा वर्षंही पुरेशी आहेत. एवढं नेमकं बोललं गेलं की खालून "यांनाच का" हा प्रश्न येत नाही, का ते ऐकलेलं असतं.

तरुणांच्या बाबतीत शब्द आणखी जपून वापरा. १९९८ मध्ये पाचवीतल्या मुलांवर केलेला एक अभ्यास बराच गाजला, काही मुलांना कोडी सोडवल्यावर "हुशार आहेस" म्हटलं आणि काहींना "मेहनत केलीस" म्हटलं. हुशार म्हटलेली मुलं नंतर सोपी कोडी मागायला लागली, न जाणो चुकलं आणि हुशारी गेली तर? मेहनतीचं कौतुक झालेली मुलं अवघड कोड्यांना भिडली. आता सोळा-सतरा वर्षांच्या पोराला भर सभेत "हा जन्मजात नेता आहे" म्हटल्यावर तो पुढच्या वर्षी ज्यात तोंडावर आपटायची शक्यता आहे असं काम हातात घेईल का हो? त्याने काय केलं ते सांगा, तो काय आहे ते सांगू नका.

नेतृत्व या शब्दाने तर मला फार त्रास होतो. माईक ज्याच्या हातात तो नेता असा आपल्या सगळ्यांचा समज असतो, आणि पुरस्कार बहुतेक वेळा माईकला मिळतो. मी स्वतः एकदा अशा निवड समितीत होते, नाव सांगत नाही, आम्ही एका मुलाला निवडलं, बोलायला एक नंबर, कार्यक्रम त्याने गाजवला, आणि दोन महिन्यांनी तो परीक्षेसाठी बाजूला झाला तेव्हा त्याचा सगळा उपक्रम तीन आठवड्यांत बंद पडला कारण याद्या, फोन नंबर, किल्ल्या, सगळं त्याच्याच खिशात. त्याच वेळी दुसऱ्या एका मुलीने अभ्यासवर्ग सुरू करून दोन जणींच्या हातात दिला होता आणि ती नसतानाही वर्ग चालू होता, पण ती नसायची म्हणून आम्हाला ती दिसलीच नाही. आम्ही इतके मूर्ख होतो की तिच्या नावापुढे "हल्ली कमी येते" असा शेरा मारला होता. तेव्हापासून तरुणांची नावं पुढे आली की मी एवढंच विचारते, हा महिनाभर आला नाही तर काम चालू राहील का आणि कुणाच्या जिवावर. ज्याच्याकडे पाहून चार जण काम शिकले त्याचं नाव आधी लिहा.

आता शोधायचं कसं. ज्यांनी रेड क्रॉसची कल्पना मांडली ते हेन्री ड्युनां, १८५९ ची इटलीतली सोल्फेरिनोची लढाई झाल्यावर जखमींची अवस्था पाहून ज्यांनी हे काम उभं करायला लावलं, ते १८६७ मध्ये दिवाळखोर झाले आणि हळूहळू लोक त्यांना विसरूनच गेले. संस्था वाढत होती, नाव होत होतं, आणि हा माणूस स्वित्झर्लंडमधल्या हायडन नावाच्या गावातल्या एका दवाखानावजा आश्रयस्थानात पडून होता. १८९५ मध्ये एका पत्रकाराने तिथे जाऊन त्यांच्यावर लेख लिहिला तेव्हा जगाला कळलं की हे अजून आहेत, आणि १९०१ चं पहिलं नोबेल शांतता पारितोषिक त्यांना फ्रान्सचे शांतता कार्यकर्ते फ्रेदरिक पासी यांच्यासोबत विभागून मिळालं. तो पत्रकार तिथे गेलाच नसता तर? तुमच्या मावशींच्या बाबतीत तो पत्रकार म्हणजे तुम्ही, खुर्च्या गोळा करताना का होईना पण दिसल्या तुम्हाला. फक्त दर वर्षी योगायोगावर अवलंबून राहता येणार नाही.

तर कमिटीला "पुरस्कार कुणाला द्यायचा" हे विचारूच नका. या प्रश्नाला लोक ओळखीची, मोठी, बोलकी नावं सांगतात. त्याऐवजी सगळ्या दीडशे लोकांना, आणि ज्यांच्याकडे तुमचे स्वयंसेवक जातात त्यांनाही, असं विचारा की या वर्षी तुमचं काम अडलं होतं तेव्हा कोण आलं, किंवा कोण यायचं बंद झालं तर तुम्हाला दुसऱ्याच दिवशी कळेल. बघा कशी वेगळीच नावं येतात. आणि नाव देणाऱ्याने एक प्रसंग लिहायचाच, केव्हाचा, काय केलं, आणखी कुणी पाहिलं. प्रसंग नाही तर नाव नाही, मग सुचवणारा अध्यक्ष का असेना. ज्यांना लिहायचा कंटाळा किंवा लिहिता येत नाही त्यांनी फोनवर बोलून पाठवावं, एक पोरगं बसवा ते उतरवून घ्यायला. स्वतःचं नाव स्वतः सुचवायचं नाही, नोबेलला सुद्धा ते चालत नाही. तरुणांनी मात्र एकमेकांची नावं बिनधास्त द्यावीत, एकमेकांचं काम त्यांच्याइतकं मोठ्यांना दिसत नाही. तुमची ती "बंद करा" म्हणणारी मंडळी आहेत ना, त्यातल्या दोघांना निवडीच्या खोलीत बसवा, मताचा अधिकार देऊन, नुसतं शोभेला नको. आणि ज्याच्या घरातलं नाव यादीत आहे त्याने त्या चर्चेपुरतं खोलीबाहेर जायचं. गप्प बसून राहणं चालणार नाही, बाहेर म्हणजे बाहेर, समोर बाप बसलेला असताना कोण बोलेल? हा नियम आधी ग्रुपवर जाहीर करा, नावं यायच्या आधी, नंतर केलात तर तो कुणाविरुद्ध तरी केल्यासारखा दिसेल.

त्या मुलीचं काय, हे तुम्ही पत्रात विचारलेलं नाही आणि मला तिचंच जास्त वाईट वाटलं. ती काम करते असं तुम्हीच लिहिलंय. म्हणजे तिने मेहनत केली, घोळ मोठ्यांनी घातला, आणि घरी ट्रॉफी बघितली की तिला कुजबुज आठवत असणार. तिच्याशी कुणीतरी बोललं का? नसेल तर तुम्ही बोला, साध्या शब्दांत, की तुझ्या कामाबद्दल कुणाला शंका नाही, आमची पद्धत चुकली, आता बदलतोय. ट्रॉफी परत मागायची नाही, तिने स्वतःहून देऊ केली तरी घ्यायची नाही.

आणि जी चार पोरं गेली त्यांच्याकडे तुम्ही जा, अध्यक्षांना पाठवू नका. पण पुरस्काराचं गाजर अजिबात घेऊन जाऊ नका, "या वर्षी तुझं नाव बघतो" म्हणालात तर त्यांना जे वाटलं होतं ते खरंच होतं असं सिद्ध होईल. ऐकून घ्या, फार खुलासे करू नका. परत येतील की नाही माहीत नाही, दोघं आली तरी खूप.

आता चाळिसांचा प्रश्न दुसऱ्या बाजूने सोडवता येतो आणि त्यात अध्यक्षांचाही मान राहतो, त्या सतरा वर्षांच्या मुलाची आई पण गप्प बसते. आपण दोन वेगळ्या गोष्टी एकाच ट्रॉफीत कोंबतो, एक म्हणजे तू काम पूर्ण केलंस याची नोंद आणि दुसरी म्हणजे तुझं काम सगळ्यांसमोर सांगण्यासारखं आहे. ड्यूक ऑफ एडिनबरा अवॉर्ड म्हणून एक योजना आहे, १९५६ मध्ये सुरू झालेली, आता बऱ्याच देशांत चालते, चौदा ते चोवीस वयाच्या मुलांसाठी. ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा तीन पायऱ्या, पण त्यात कुणाची कुणाशी स्पर्धाच नाही. सेवा, एखादं कौशल्य, व्यायाम आणि एखादी साहसी सफर असं आपापलं ठरवलेलं जो पूर्ण करेल त्याला मिळतं, शंभर जणांनी पूर्ण केलं तर शंभरांना. तुम्हीही नोंदीचं पत्र सगळ्यांना द्या, चाळीस होऊ देत नाहीतर नव्वद, त्यावर कुठलं काम, किती महिने, साधारण किती तास, आणि काय जबाबदारी होती एवढं खरं खरं लिहून सही-शिक्का. ते मागेल त्याला वर्षभर कधीही मिळावं, स्टेजची गरजच नाही. ॲडमिशनला द्यायला गुळगुळीत "युवारत्न" ट्रॉफीच्या फोटोपेक्षा असं पत्र केव्हाही बरं, निदान वाचणाऱ्याला मुलाने काय केलं ते कळतं. स्टेज मात्र मोजक्यांसाठी ठेवा.

नवीन लोकांसाठी आणखी एक छोटी गोष्ट करा असं मी आग्रहाने सांगेन, वार्षिक कार्यक्रमाची वाट न बघता. जर्मन विकिपीडियावर नव्याने लिहायला लागलेल्या लोकांवर एक प्रयोग झाला होता, काहींच्या पानावर एक साधं मानचिन्ह लावलं, पैसे नाहीत की ट्रॉफी नाही, फक्त तुमचं काम बघितलं आणि आवडलं. पुढच्या महिन्यात टिकून राहणाऱ्यांचं प्रमाण वीस टक्क्यांनी वाढलं आणि तो परिणाम वर्षभर दिसत राहिला. आपण काय करतो, दहा वर्षं टिकलेल्यांचा सत्कार करतो, जे आता कशानेही जाणार नाहीत! जो पोरगा दुसऱ्या महिन्यात "आपण आलो काय न आलो काय" म्हणून गळतो त्याला त्या दुसऱ्याच महिन्यात एक ओळ लिहून पाठवायला काय लागतं.

आता सतरा वर्षांचा तो मुलगा. नाही म्हणतोय ना, मग नाही. मागे लागू नका, "अरे लाजतोय, ऐन वेळी ढकलू स्टेजवर" असलं काही कुणाच्या डोक्यात असेल तर आत्ताच काढून टाका, त्या दिवशी तो गेला तर कायमचा जाईल. मोठ्यामोठ्यांनी नाकारलेत सन्मान. रशियन गणिती ग्रिगोरी पेरेलमन, त्यांनी २००६ मध्ये फील्ड्स मेडल हा गणितातला मोठा सन्मान घेतला नाही आणि २०१० मध्ये एक जुना अवघड गणिती प्रश्न सोडवल्याबद्दलचं दहा लाख डॉलरचं बक्षीसही घेतलं नाही, एक कारण असं दिलं की त्या प्रश्नावर आधी काम केलेल्या रिचर्ड हॅमिल्टन यांचा वाटा आपल्यापेक्षा कमी नाही. कधी कधी नकारामागे असंच काहीतरी असतं, म्हणून त्याला शांतपणे विचारा की नको म्हणजे नेमकं काय नको. स्टेज नको? फोटो नको? एकट्याचं नाव नको? कदाचित तो म्हणेल आम्ही तिघांनी मिळून केलं, मला एकट्याला कसं घेता. मग तिघांना द्या, कोण अडवतंय. आपल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला, दहा लाख डॉलर, आणि त्यांनी अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून टाकली, विजेत्यालाच वाटलं की हे एकट्याचं नाही, तर तुमच्या कमिटीला वाटायला काय हरकत आहे. आणि सगळंच नको म्हणाला तर तुम्ही स्वतः हाताने एक पत्र लिहा त्याला, पानभर, त्याने काय काय केलेलं तुम्हाला दिसलं ते, आणि गुपचूप देऊन टाका. ग्रुपवर टाकू नका, आईला पण देऊ नका, आईला ते नोंदीचं पत्र द्या.

वयाने लहान आहे म्हणून काही अडत नाही हेही कमिटीत कुणी म्हणालं तर सांगा. मलाला युसूफझाईला २०१४ मध्ये नोबेल जाहीर झालं तेव्हा ती सतराचीच होती, बातमी आली तेव्हा केमिस्ट्रीच्या तासाला बसलेली, आणि त्या दिवशीची शाळा तिने पूर्ण केली. सत्कार झाल्यावर त्या पोराला दुसऱ्या दिवशी पुन्हा साधं पोर राहू द्यायचं एवढी काळजी मात्र घ्या, नाहीतर प्रत्येक कार्यक्रमात "आमचे पुरस्कारविजेते" म्हणून मिरवून मिरवून त्याचा जीव नकोसा करतात.

मावशींना देताना आधी घरी जाऊन त्यांच्याशी बोला. त्यांना स्टेज आवडेलही, असं समजू नका की शांत माणसाला कौतुक नकोच असतं, बारा वर्षं कुणी विचारलंच नाही म्हणून शांत असतील. पण हेही विचारा की आता दर आठवड्याला झेपतंय का. बाईचा सत्कार करायचा, टाळ्या वाजवायच्या आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा तीच पिशवी त्यांच्याच खांद्यावर, हे आपल्याकडे नेहमीचं आहे, सत्काराने माणूस आणखी अडकतो, आता नाही कसं म्हणणार. महिन्यातल्या दोन फेऱ्या करायला दोन तरुण माणसं पक्की केलीत आणि ते त्याच दिवशी जाहीर केलंत तर त्यांना ट्रॉफीपेक्षा जास्त आनंद होईल असं मला वाटतं, अर्थात त्यांना विचारून, काही जणांना आपलं काम दुसऱ्याच्या हातात द्यायला जिवावर येतं. आणि ज्या म्हाताऱ्या लोकांकडे त्या जातात त्यांना "लाभार्थी" म्हणून स्टेजवर आणून उभं करू नका, प्लीज. त्यांना यायचं असेल तर पहिल्या रांगेत पाहुणे म्हणून बसवा.

कार्यक्रमाचं फार सांगत नाही, भाषणं कमी करा, एवढंच. प्रमुख पाहुण्यांना दहा मिनिटं आणि ज्याचा सत्कार आहे त्याला अर्धा मिनिट हा हिशोब उलटा करा, आणि ती चार वाक्यं, त्या माणसाबरोबर ज्याने काम केलंय त्याने वाचावीत, निवेदकाने नको.

आणि हो, सर्टिफिकेटं छापायला देण्याआधी नावं ज्याची त्याला पाठवून तपासून घ्या. मी ज्या समितीत होते तिथे आम्ही एका बाईंचं नाव चुकीचं छापलं, आडनाव भलतंच, आणि त्यांनी स्टेजवर ते हसत घेतलं, फोटो काढला, आम्हाला काही बोलल्या नाहीत. वर्षभराने त्यांच्या घरी गेले तेव्हा ते भिंतीवर लावलेलं होतं, आडनावावर पांढरा कागद चिकटवून त्यावर पेनाने बरोबर लिहिलेलं.

— ताई